सुपारीच्या खांडाचंही व्यसन नाही, असं सांगितलं होतं

ताई,
मी ३३ वर्षांची, डोंबिवलीत राहते. लग्न ठरताना मध्यस्थ म्हणाले होते, मुलाला सुपारीच्या खांडाचंही व्यसन नाही. लग्नानंतर कळलं की हे इंजिनिअरिंगला असल्यापासून सिगारेट ओढतात. दिवसाला आठ-दहा होतात. घरी असले की गॅलरीत ओढतात. आमचा मुलगा साडेचार वर्षांचा आहे. त्याला सारखी सर्दी, रात्री खोकला, छातीत घरघर. मागच्या महिन्यात डॉक्टरांनी विचारलं, "घरात कोणी ओढतं का?" हे पटकन "नाही" म्हणाले. मी गप्प बसले. त्याआधी दिवाळीत मी यांना मुलाच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घ्यायला लावली होती. तिसऱ्या दिवशी शर्टाला वास आला. बोलले तर म्हणतात, माझे पैसे, माझं शरीर, वर सरकारला कर भरतो. सासूबाई म्हणतात, दारू तर पीत नाही ना! (त्या मशेरी लावतात, पण ते त्यांचं जुनंच आहे.) कधी कधी वाटतं, मुलाला घेऊन माहेरी निघून जावं. काय करू?
– नाव छापू नये

बाई गं,
सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तू दोन वाक्यांत उरकलीस. डॉक्टरांनी विचारलं आणि तुम्ही दोघांनी खोटं सांगितलं. हो, दोघांनी, तुझं गप्प बसणंही मी त्यातच धरते. त्या एका उत्तरावर डॉक्टर पुढचं ठरवतात. घरात धूर नाही म्हटल्यावर ते धूळ शोधणार, भिंतीची ओल शोधणार, पंपाचा डोस वाढवणार, आणि पोर रोज धुरातच झोपणार. तेव्हा पहिलं काम हे. डॉक्टरांना भेट आणि सांग की वडील ओढतात, दिवसाला इतक्या, गॅलरीत. नवऱ्याला आधी सांगून जा. "मी सांगणार आहे" एवढंच म्हण, परवानगी मागू नकोस. बालरोगतज्ज्ञांना हे नवीन नसतं, ते कुणाला ओरडत बसत नाहीत. उलट तू दहादा सांगून जे झालं नाही, ते कधी कधी त्यांच्या एका वाक्याने होतं.

आता तो खोटं का बोलला, ते बघ. "सुपारीच्या खांडाचंही व्यसन नाही" हे त्याच्याबद्दल लग्नाच्या बाजारात सांगितलं गेलं आणि तेव्हापासून तो ते निभावतोय. आपल्याकडे निर्व्यसनी असणं हे जावयाचं सर्टिफिकेट असतं, त्यामुळे ज्याला व्यसन आहे तो ते सोडण्याऐवजी लपवायलाच आधी शिकतो. बडीशेप, पुदिन्याच्या गोळ्या, टपरीवरून येताना लांबचा वळसा. तुझी फसवणूक झाली, हे मी हलकं करत नाही. तो राग खरा आहे, आणि तो एकदा त्याच्याशी सरळ बोलून घे. पण सिगारेटचा मुद्दा त्या रागात मिसळू नकोस. लाज वाटली की माणूस आणखी लपून ओढतो, आणि तुमच्याकडे लपायची जागा म्हणजे गॅलरी.

त्या गॅलरीबद्दल थोडं सविस्तर बोलू दे, कारण "मी बाहेर ओढतो" यावर फार घरं निश्चिंत असतात. डोंबिवलीतली गॅलरी किती बाहेर असते ते मला माहीत आहे. ग्रिल, वर पत्रा, कोपऱ्यात वॉशिंग मशीन, मशीनच्या मागे च्यवनप्राशाच्या रिकाम्या डब्यात थोटकं, आणि डोक्यावर दोरीवर वाळत असलेली पोराची बनियनं. सरकतं दार पूर्ण लागत नाही. वारा आत आला की धूर हॉलमध्ये. शिवाय सिगारेट विझवल्यावरही काही मिनिटं त्याच्या श्वासातून धुराचे अंश बाहेर पडत असतात, आणि नेमकं तेव्हाच तो येऊन मुलाला उचलून घेतो. शर्टाला, पडद्याला, सोफ्याला जे चिकटतं ते वेगळंच. दुसऱ्याच्या धुराने लहान मुलांचा दमा बळावतो, कानाची दुखणी वाढतात, छातीचे आजार वाढतात. यात आता शंकेला जागा नाही. म्हणून घरात आणि गॅलरीत एकही नाही, हा नियम कर. यावर घासाघीस नको. ओढायची असेल तर खाली उतरावं, सोसायटीच्या गेटबाहेर जावं, वर आल्यावर हात-तोंड धुऊन शर्ट बदलावा. यानेही सगळं जात नाही, पण सुरुवात इथून होते. आणखी एक फायदा आहे: चार मजले उतरायचे म्हटल्यावर आठाच्या पाच आपोआप होतात.

"माझं शरीर" यावर त्याला एक जुनी गोष्ट सांग. ताकेशी हिरायामा नावाच्या जपानी संशोधकाने ९१ हजारांवर बायकांची १४ वर्षं नोंद ठेवली. या बायका स्वतः कधी ओढत नव्हत्या. ज्यांचे नवरे भरपूर ओढत, त्यांच्यात फुप्फुसाच्या कॅन्सरने मरणाऱ्यांचं प्रमाण जास्त निघालं. हे १९८१ साली छापून आलं, तंबाखू कंपन्यांनी त्यावर बराच धुरळा उडवला, पण निष्कर्ष टिकला. म्हणजे शरीर त्याचं एकट्याचं नाही, तुझंही त्यात आहे. आणि कराचं म्हणशील तर २०१७-१८ सालचा हिशोब झालेला आहे: तंबाखूवरच्या अबकारी करातून १०० रुपये आले तर आजारपण आणि अकाली मृत्यूपायी समाजाचे ८१६ रुपये गेले. एकूण खर्च १ लाख ७७ हजार कोटींच्या घरात. परळला टाटा हॉस्पिटलच्या आसपास फुटपाथवर बिऱ्हाड मांडून बसलेली माणसं कुणी पाहिली असतील, तर हा आकडा त्याला वेगळा समजावून सांगावा लागणार नाही. तरीही हे त्याच्या तोंडावर फेकायला वापरू नकोस. वादात जिंकून कुणाची सिगारेट सुटलेली मी पाहिलेली नाही.

शपथ पुन्हा घालू नकोस. तिसऱ्या दिवशी मोडली म्हणून तो तुला बेइमान वाटला, पण निकोटिन बंद केल्यावर सगळ्यात जास्त तडफड होते ती दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच. चिडचिड, झोप नाही, कामात लक्ष नाही. पहिले दोन-चार आठवडे कठीण जातात. आणि पोराच्या डोक्यावर हात ठेवून घेतलेली शपथ मोडली की वर अपराधाची टोचणी, ती घालवायला पुन्हा सिगारेट. "टेन्शन कमी होतं" असंही तो म्हणत असणारच, सगळेच म्हणतात. दोन तासांत रक्तातलं निकोटिन निम्म्यावर येतं, त्याने अस्वस्थ वाटतं, आणि पुढचा झुरका तीच अस्वस्थता घालवतो. हप्ता मिळाल्यावर सावकार दारातून उठला, तर त्याचे उपकार मानायचे, तसलं हे.

मग सोडायची कशी? मदत घेऊन. तंबाखू सोडण्यासाठी सरकारची मोफत हेल्पलाइन आहे, १८००-११-२३५६. हाच नंबर सिगारेटच्या पाकिटावर, सडक्या फोटोखाली छापलेला असतो. वर्षानुवर्षं तो हातात घेऊन फिरतोय, फोन मात्र केला नसणार. निकोटिनचं च्युइंगम मिळतं. डॉक्टरांना विचारून घ्यावं, कारण दिवसाला किती ओढतो, सकाळची पहिली उठल्यावर किती वेळात लागते, यावर ते ठरतं. आणि ते साध्या च्युइंगमसारखं चघळत राहायचं नसतं. हळू चावायचं, जीभ चुरचुरली की गालाशी धरून ठेवायचं. चहासोबत तर नाहीच, चहाने त्याचा असर कमी होतो. याच्या सिगारेटा चहाला बांधलेल्या असतील तर ऑफिसखालची टपरी काही दिवस टाळावी लागेल. (सुट्टी सिगारेट विकायला महाराष्ट्रात २०२० पासून बंदी आहे. टपरीवाल्यासमोर हे बोलून बघ, हसेल.) पहिल्या प्रयत्नात सुटली नाही तर ती बातमी नाही, बहुतेकांची सुटत नाही. त्याच्या वयाला अजून फार काही हातात आहे: ब्रिटिश डॉक्टरांच्या पन्नास वर्षं चाललेल्या अभ्यासात दिसलं की ओढणारे सरासरी १० वर्षं आधी जातात, पण चाळिसाव्या वर्षाच्या सुमारास सोडणाऱ्यांना त्यातली ९ परत मिळतात.

सासूबाईंची मशेरी तू कंसात टाकलीस, तीही आपल्याकडची रीतच. सिगारेट म्हणजे व्यसन आणि भाजलेली तंबाखू दाताला लावली की ती स्वच्छता! २०१६-१७ च्या सरकारी पाहणीत महाराष्ट्रात ओढणारे शंभरात चारही नव्हते, पण मशेरी, चुना-तंबाखू, खर्रा असं बिनधुराचं घेणारे चोवीस होते. सासूबाईंना आत्ता उपदेश करू नकोस, दोन आघाड्या एकदम उघडू नयेत. फक्त दाताच्या डॉक्टरांकडे एकदा घेऊन जा. तोंडात पांढरा चट्टा आहे का, न भरणारी जखम आहे का, तोंड पूर्वीसारखं उघडतं का, ते पाहतील. आणि मशेरीचा डबा नातवाचा हात पोचणार नाही अशा फळीवर ठेवा.

माहेरी जाण्याचं म्हणशील, तर सिगारेटसाठी घर मोडायला मी सांगणार नाही. पण गॅलरीचा नियम तो वारंवार मोडत राहिला, पोराची छाती भरलेली असतानाही मोडत राहिला, तर काही दिवस मुलाला घेऊन जा, आणि का जातेस ते सासूबाईंसमोर, आवाज न चढवता सांगून जा. डॉक्टरांकडची पुढची तारीख कधी आहे, ते लिहिलं नाहीस. लांबची असेल तर अलीकडे घे.