हॉस्पिटल फुकटात मिळतं का?

प्रश्न : सरकारकडे पैसा नसला की खासगी कंपनीला हॉस्पिटल बांधून चालवायला द्यायचं, त्याला पीपीपी म्हणतात एवढं कळलं. गरीब देशाला खर्च न करता नवं कोरं हॉस्पिटल मिळत असेल तर लोक बोंबलतात कशाला?

उत्तर : खर्च न करता नाही हो, आज न करता! कंपनी कर्ज काढून बांधते आणि सरकार पुढची पंधरा-वीस वर्षं ठरलेलं बिल भरत बसतं, त्यात व्याज, देखभाल, नफा सगळं आलं. हप्त्यावर घेतलेली वस्तू फुकट थोडीच असते?

आफ्रिकेतल्या लेसोथोचं बघा. राजधानी मासेरूतलं जुनं सरकारी हॉस्पिटल पार मोडकळीला आलेलं, म्हणून २००८ मध्ये १८ वर्षांचा करार केला, सल्ला आयएफसीचा, म्हणजे वर्ल्ड बँक ग्रुपमधल्या खासगी क्षेत्रासाठी काम करणाऱ्या संस्थेचा, आणि २०११ ला ४२५ बेडचं हॉस्पिटल उभं राहिलं. आणि ते चाललंही चांगलं, उगाच नावं ठेवू नयेत, जुन्याच्या मानाने तिथे मृत्यूचं प्रमाण खाली आलं. पण गोम पुढे आहे. करारात वर्षाला २० हजार भरती आणि ३ लाख १० हजार ओपीडी अशी मर्यादा होती, त्यापुढच्या पेशंटचे पैसे वेगळे. आता हॉस्पिटल चांगलं म्हटल्यावर लोक तिथेच येणार ना, बिल फुगत गेलं. २०१४ मध्ये ऑक्सफॅम या गरिबीविरुद्ध काम करणाऱ्या संस्थेने म्हटलं की देशाच्या आरोग्य बजेटचा ५१ टक्के पैसा एकट्या या हॉस्पिटलवर जातोय, त्या आकड्यावरून वाद झाला, पण २०२१ मध्ये सरकारने मुदतीआधीच करार मोडला हे तर खरंच.

म्हणून मी सरसकट विरोधात नाही, करार बघितल्याशिवाय बोलत नाही इतकंच. साधं उदाहरण, सीटी स्कॅनचं मशीन. करारात लिहिलेलं असतं की मशीन अमुक तासांपेक्षा जास्त बंद राहिलं तर कंपनीला दंड. वाचायला झकास. पण मशीन किती वाजता बंद पडलं हे रजिस्टरमध्ये लिहिणारा माणूस जर कंपनीच्याच पगारावर असेल, तर दाराला 'मशीन बंद' चा कागद चिकटवलेला, बाहेर पेशंट स्ट्रेचरवर ताटकळतोय आणि रजिस्टरमध्ये मात्र मशीन चालू, असंही होऊ शकतं. दंड लावायचा तर सरकारचा स्वतःचा माणूस तिथे रोज हवा, ज्याला मशीनमधलंही कळतं आणि करारातलंही, आणि त्याचा पगार मूळ हिशोबात बहुतेक वेळा कोणी धरलेलाच नसतो.