विंडोज सुरू व्हायला फार वेळ लागतो. स्टार्टअप प्रोग्रॅम कसे कमी करू? रजिस्ट्री क्लीनर वापरू का?

क्लीनर नको. स्टार्टअपचं काम मात्र पाच मिनिटांचं आहे.

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यात स्टार्टअप टॅबवर ‘स्टार्टअप इम्पॅक्ट’ नावाचा रकाना दिसेल. जिथे ‘हाय’ लिहिलंय तिथून सुरुवात करा. चॅटची ॲप्स, गेम लाँचर, प्रिंटरचे अपडेटर ही मंडळी बिनबोलावता येऊन बसतात. राइट क्लिक करून ‘डिसेबल’ करा. प्रोग्रॅम काढला जात नाही, फक्त आपणहून सुरू होत नाही. हवा तेव्हा तुम्ही उघडा. अँटीव्हायरस, टचपॅड आणि साउंडच्या नोंदींना हात लावू नका. अनोळखी नाव दिसलं तर राइट क्लिकमधून फाइलची जागा उघडून बघा, बहुतेक वेळा कंपनीचं नाव तिथेच कळतं.

आता रजिस्ट्री, म्हणजे विंडोज आणि प्रोग्रॅमच्या सेटिंग्ज जिथे साठवल्या जातात ती जागा. तिच्यात लाखो नोंदी असतात. क्लीनर ‘८०० एरर सापडल्या’ म्हणून घाबरवतो, पण त्या बहुतेक काढून टाकलेल्या प्रोग्रॅमच्या मागे राहिलेल्या नोंदी असतात. त्या पुसून वेगात जाणवण्यासारखा फरक पडत नाही. उलट एखादी कामाची नोंद उडाली तर प्रोग्रॅम बंद पडतो, कधी विंडोजच पुन्हा टाकावं लागतं. मायक्रोसॉफ्टही या क्लीनरना सपोर्ट देत नाही. ‘फुकट स्कॅन, दुरुस्तीला पैसे’ असं दिसलं की समजून जा.

एवढं करूनही संथच असेल तर हार्ड डिस्क जुन्या फिरत्या प्रकारची आहे का बघा. तिच्या जागी एसएसडी, म्हणजे फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क, टाकली की खरा फरक दिसतो.