पहिली प्लेट अ‍ॅसिडमध्ये सोडण्याआधी
एचिंगसाठी, म्हणजे धातूच्या पत्र्यावर अ‍ॅसिडने रेघा कोरून त्यावरून चित्र छापण्यासाठी, जस्ताची प्लेट घेतलीस ते बरं केलंस, तांब्यापेक्षा स्वस्त पडते. ग्राउंड (अ‍ॅसिड अडवणारा मेणासारखा थर, ज्यात सुईने रेघा ओढतात) लावण्याआधी ती खडूच्या भुकटीने घासून नळाखाली धर. पाणी सलग पसरलं तर ठीक. थेंब-थेंब होऊन गोळा झालं तर तेलकटपणा आहे, पुन्हा घास. यात घाई नकोच, नाहीतर ग्राउंड मध्येच सुटतो.

नायट्रिक अ‍ॅसिड पाण्यात ओतायचं, पाणी अ‍ॅसिडमध्ये कधीच नाही. खिडक्या उघड्या हव्यात. रेघांवर बुडबुडे धरतात, ते पिसाने हलकेच सारत राहा. माझ्या पहिल्या प्लेटवर मी ते सारलेच नाहीत आणि सगळ्या रेघा तुटक उतरल्या; अजून वाईट वाटतं.

कडा कानशीने उतरत्या कर, नाहीतर प्रेसमध्ये ओला कागद फाटेल.