पटकन झोप लागते म्हणजे झोप चांगली, असं नाही

तुम्ही लिहिलंय की मिस्टर जोरात घोरतात, मध्येच गप्प होतात आणि मग गुदमरल्यासारखा श्वास घेऊन पुन्हा घोरायला लागतात. बीपीच्या तीन गोळ्या चालू असूनही बीपी आटोक्यात नाही. तपासणीचा विषय काढला की ‘मला पडल्या पडल्या झोप लागते, मला कसला झोपेचा आजार?’ हे उत्तर ठरलेलं. ही लक्षणं स्लीप ॲप्नियाची, म्हणजे झोपेत वारंवार श्वास अडण्याच्या आजाराची वाटतात. मी स्वतः त्यासाठी बरीच वर्षं सीपॅप (मास्कमधून दाबाने हवा देऊन घसा उघडा ठेवणारं मशीन) लावून झोपतो, म्हणून सविस्तर लिहितो.

पडल्या पडल्या झोप लागणं हे बऱ्याचदा झोपेची उधारी साचल्याचं लक्षण असतं. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात, जीभ मागे सरकते आणि श्वासाची वाट बंद होते. छाती ओढत राहते, पण हवा आत जात नाही. रक्तातला ऑक्सिजन घसरला की मेंदू काही क्षणांपुरता जागा होऊन वाट मोकळी करतो. सकाळी यातलं काहीच आठवत नाही, त्यामुळे खरी साक्षीदार तुम्हीच. दहा सेकंद किंवा जास्त वेळ श्वास थांबला, किंवा बराच कमी झाला, की एक घटना धरतात. तासाला सरासरी 5 ते 15 घटना म्हणजे सौम्य, 15 ते 30 मध्यम आणि 30 च्या वर तीव्र आजार. तीस म्हणजे दर दोन मिनिटांनी एक!

बीपीचं कोडं इथेच आहे. निरोगी माणसाचं बीपी झोपेत साधारण 10 ते 20 टक्के उतरतं. इथे प्रत्येक घटनेला शरीर घाबरून ॲड्रेनलिन सोडतं, मग बीपी उतरणार कसं? तीन गोळ्यांना दाद न देणाऱ्या बीपीत स्लीप ॲप्निया तपासायलाच हवा. रात्री वारंवार लघवीला उठणंही यामुळे होऊ शकतं. लोक मात्र फक्त प्रोस्टेट तपासत बसतात.

वजन आणि जाड मान ही मोठी कारणं. पण मागे असलेला जबडा किंवा मोठे टॉन्सिल असले तर सडपातळ माणसालाही हा त्रास होतो. दारू आणि काही झोपेच्या गोळ्या घसा आणखी सैल करतात, तेव्हा ‘शांत झोप लागावी’ म्हणून मनाने गोळी देऊ नका.

उपचार न झालेल्यांत अनियमित ठोके, पक्षाघात आणि मधुमेह जास्त दिसतात. सीपॅपने दिवसाची झोपाळू अवस्था छान सुधारते, बीपी थोडं उतरतं. हार्ट ॲटॅक टळतो हे मात्र मोठ्या चाचण्यांत सिद्ध झालेलं नाही. त्यामुळे बीपीच्या गोळ्या मनाने बंद करायच्या नाहीत. मला स्वतःला सगळ्यात जास्त भीती गाडी चालवताना डुलकी लागण्याची वाटते. दिवसा पेंग येत असेल तर तपासणी होईपर्यंत गाडी तुम्ही चालवा.

आज रात्री मोबाईलवर त्यांचा व्हिडिओ घ्या, आवाजासकट. माझ्या पाहण्यात भल्याभल्यांचा हट्ट त्यानेच मोडलाय. तो घेऊन फिजिशियन, छातीविकारतज्ज्ञ किंवा कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जा. बऱ्याच जणांची तपासणी घरीच होते. तोवर त्यांना कुशीवर झोपू द्या. रिपोर्ट आला की तासाला किती घटना आणि ऑक्सिजन किती खाली गेला, हे दोन आकडे इथे टाका. मशीन लागलंच, तर मास्क कोणता घ्यायचा ते तेव्हा बोलू.