गाडीतला महागडा स्टिरिओ खरंच पैसे वसूल करून देतो का?

तुमचं म्हणणं असं, की नव्या गाडीत कंपनीने दिलेला स्टिरिओ बरा आहे, वाईट नाही. पण दुकानदार म्हणतो टचस्क्रीन, स्पीकर, अ‍ॅम्प्लिफायर, सबवूफर (खालचे, घुमणारे स्वर वाजवणारा वेगळा स्पीकर) सगळंच बदला. रोज तासभर गाडी चालवता, तर एवढा खर्च करावा का?

खर्च करा, पण डॅशबोर्डमधल्या डब्यावर नको. दरवाजांवर करा. हसू आलं ना? मलाही आलं होतं.

माझ्या पहिल्या गाडीत मी नेमकं उलटं केलं. झेपेल तेवढा महाग हेड युनिट, म्हणजे डॅशबोर्डमधला तो डबा, आणला. रंगीत दिवे, मोठा पडदा आणि खोक्यावर ठळक अक्षरांत ‘५० वॅट × ४’. बसवून घेतला, ओळखीचं गाणं लावलं, तर तबला पूर्वीसारखाच, पत्र्याच्या डब्यावर बोटं आपटल्यासारखा. फरक पडलाय असं मी आठवडाभर स्वतःला पटवत होतो. बायकोने दोन मिनिटांत निकाल दिला, “दिवे छान आहेत.”

त्या ५० वॅटचं गणित मला फार उशिरा कळलं. इंजिन चालू असताना गाडीत साधारण १४ व्होल्ट मिळतात. बहुतेक कार स्पीकर ४ ओहमचे असतात. वॅट म्हणजे व्होल्टचा वर्ग भागिले ओहम. १४ चा वर्ग भागिले ४, उत्तर ४९. झाले तुमचे ५० वॅट! पण हे केव्हा, तर आवाजाची लाट पूर्ण चौकोनी झाली तर, म्हणजे आवाज फाटून गाण्याचा चुथडा झालेला असताना. स्वच्छ आवाजात हाच आकडा निम्म्यावर येतो आणि सर्किटमधली घट धरली की जेमतेम २० वॅट उरतात. साधा असो की महाग, डॅशबोर्डमधल्या जवळजवळ प्रत्येक डब्याची हीच मर्यादा, कारण व्होल्ट तेवढेच. वेगळा अ‍ॅम्प्लिफायर आधी आतल्या आत व्होल्टेज वाढवतो, म्हणून तो खरोखर जास्त ताकद देऊ शकतो. तेव्हा खोक्यावर ‘आरएमएस’, म्हणजे सतत देता येणारी ताकद, लिहिलेला आकडा तेवढा वाचा. आणि वॅट दुप्पट म्हणजे आवाज दुप्पट, असंही नसतं. दुप्पट वॅटने फक्त ३ डेसिबल वाढतात. कानाला दुप्पट वाटायला साधारण दहापट वॅट लागतात.

आता दरवाजे. स्पीकरचा पडदा पुढे सरकतो तेव्हा पुढची हवा दाबली जाते आणि मागची विरळ होते. या दोन लाटा एकमेकींना भेटल्या की बेस, म्हणजे खालचे घुमणारे स्वर, जागच्या जागी मरतो. घरच्या स्पीकरला म्हणूनच लाकडी पेटी असते. गाडीत पेटी म्हणजे दरवाजा, आणि त्याच्या आतल्या पत्र्याला हात जाईल एवढी भोकं असतात, वरून बऱ्याचदा नुसता प्लास्टिकचा कागद. त्यात पत्राही स्वतः थरथरतो.

हे मला एका वयस्कर फिटरने दाखवलं. त्याने दरवाजाचं पॅनेल उतरवलं आणि बाहेरच्या पत्र्यावर टिचकी मारली. ठण्ण. मग आतून काळी, जड डॅम्पिंग शीट चिकटवून रोलरने दाबली आणि परत टिचकी मारली. ठप. आतल्या पत्र्याची भोकं बंद केली, स्पीकर घट्ट रिंगवर बसवला. तळाची पाणी निघायची छिद्रं मात्र त्याने आठवणीने मोकळी ठेवली. ती बुजवली तर दरवाजा आतून गंजतो. स्पीकर जुनेच होते. त्या संध्याकाळी तबल्याचा बाया पहिल्यांदा घुमला.

दुसरी गोष्ट गोंगाटाची. हमरस्त्यावर गाडीच्या आत साधारण ७० डेसिबल तरी आवाज असतो, टायरचा, वाऱ्याचा, इंजिनचा. यातला बराचसा खालच्या पट्टीतला, म्हणजे गाण्याचा बेस जिथे असतो तिथलाच. ‘बारीकसारीक तपशील ऐकू येतात’ म्हणून विकले जाणारे अतिमहाग स्पीकर चालत्या गाडीत बहुतांशी वाया जातात ते यामुळे. उलट, लहानसा सबवूफर मात्र उपयोगी पडतो, कारण टायरने खाल्लेला बेस तो भरून काढतो. डिकी अडवणारं धूड लागत नाही. बंद काचांच्या छोट्या जागेत खालचे स्वर आपोआप फुगतात, त्यामुळे सीटखाली मावणाराही पुष्कळ होतो. (शेजारच्या गाडीच्या काचा थरथरवायच्या असतील तर हे उत्तर तुमच्यासाठी नाही.)

एक गोष्ट फुकट आहे, आजच करून बघा. गाडीत आपण मधोमध बसत नाही. जवळच्या स्पीकरचा आवाज लांबच्यापेक्षा एखाद-दीड मिलिसेकंद आधी पोचतो, आणि कान आधी आलेल्या बाजूलाच गायक आहे असं धरतो. तुमच्या स्टिरिओच्या सेटिंगमध्ये ‘टाइम अलाइनमेंट’ किंवा ‘लिसनिंग पोझिशन’ असेल तर चालकाची जागा निवडा. जवळच्या स्पीकरला किंचित थांबवलं जातं आणि गायक दारातून उठून डॅशबोर्डवर समोर येऊन बसतो. ही सोय नसेल, तर नवा हेड युनिट घ्यायचं हे एक पटण्यासारखं कारण आहे. पडद्याचा आकार हे नाही.

तुमच्या जागी मी असतो तर आधी पुढच्या दोन दारांचं डॅम्पिंग केलं असतं आणि महिनाभर ऐकलं असतं. मग वाटलंच तर पुढचे दोन बऱ्यापैकी स्पीकर. विकत घेताना त्यांची सेन्सिटिव्हिटी, म्हणजे तेवढ्याच वॅटमध्ये किती मोठा आवाज निघतो ते बघा: ८८ ऐवजी ९१ डेसिबलचा घेतला तर अ‍ॅम्प्लिफायरची ताकद दुप्पट केल्यासारखंच आहे. मागचे स्पीकर आहेत तसे राहू द्या, ते मागे बसणाऱ्यांसाठी. अ‍ॅम्प्लिफायर सगळ्यात शेवटी, आणि तो घेतलात तर बॅटरीपासून येणाऱ्या तारेला बॅटरीच्या अगदी जवळ फ्यूज हवाच. ती तार कुठे घासून पत्र्याला टेकली आणि फ्यूज नसला तर आग लागते. मूळ वायरिंग कापू देऊ नका, कपलर (तार न कापता जोडायचं सॉकेट) लावून जोडायला सांगा, नाहीतर पुढे वॉरंटीच्या वेळी वाद होतात.

दुकानात ऐकाल तेव्हा गाडी उभी असेल, इंजिन बंद असेल आणि गाणं दुकानदाराच्या निवडीचं असेल. अशा वेळी काहीही छान वाटतं. तुमचं गाणं न्या आणि गाडी रस्त्यावर काढून ऐकवा म्हणा. तयार नसेल तर दुसरं दुकान बघा.