मध्येच थांबले तर?

"मॅडम, एका दिवसात ५० किलोमीटर चालायला नाव दिलंय मी. आता मागे घ्यावंसं वाटतंय."

समोरच्या बाई ४८ वर्षांच्या. (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत.) बारा दिवस उरले होते. रात्री अडीचला जाग यायची, छाती धडधडायची. बसल्या जागी गुडघा दुखायचा आणि चालायला लागलं की कळ गायब. पहिल्यांदा लांब पल्ल्याला निघालेल्या अनेकांकडून मी हे ऐकते: "माझ्याच्यानं होईल ना?"

त्यांनी पिशवीतून सरावाची वही काढली. पाच महिन्यांच्या नोंदी, बारीक अक्षरात. सगळ्यात लांबची चाल ३४ किलोमीटर, पावणेसात तास. त्याखाली पेनानं दोनदा गिरवलेलं: 'तरी १६ उरतातच.' खात्री पटावी म्हणून येत्या रविवारी त्या पूर्ण ५० चालून बघणार होत्या! ते मात्र मी कळकळीनं थांबवलं. शेवटच्या दोन आठवड्यांत अंतर कमी करायचं असतं, पायांना भरून निघायला वेळ लागतो. भीती शमवण्यासाठी केलेला असा जादा सराव नेमका दुखापतीला बोलावतो.

पण अंतराबद्दल बोलताना त्यांचा आवाज स्थिर होता. म्हणून मी विचारलं, "समजा, चाळिसाव्या किलोमीटरला थांबावं लागलं. पहिला फोन कुणाला कराल?"

बराच वेळ गेला. वहीचा कोपरा दुमडत म्हणाल्या, "कुणालाच नाही." कॉलेज अर्धवट सुटलं होतं. 'हिचं काही तडीला जात नाही' हे वाक्य घरात अजून निघतं. आणि या वेळी तर ऑफिसातही सगळ्यांना सांगून बसल्या होत्या.

माझ्या अनुभवात भीतीचं मूळ बहुतेकदा इथे असतं. थांबणं म्हणजे नाचक्की, असं मनानं आधीच ठरवलेलं असतं. 'होईल हो, घाबरू नका' म्हणून ते सुटत नाही, म्हणून मी तसं म्हणतच नाही. आम्ही वहीच्या मागच्या पानावर थांबण्याच्या अटी लिहिल्या. चक्कर, छातीत दुखणं, किंवा दुखण्यामुळे पाऊल वाकडं पडू लागणं: यातलं काहीही झालं की थांबायचं, स्वतःशी वाद घालायचा नाही. पाय जड होणं, कंटाळा, रडू येणं: ही थांबायची कारणं नव्हेत, वेग कमी करायची आहेत.

मग 'जर-तर'ची वाक्यं. मानसशास्त्रज्ञ पीटर गोलवित्झर यांनी १९९० च्या दशकात मांडलेली ही पद्धत मला फार उपयोगी वाटते. नुसता निश्चय करण्याऐवजी प्रसंग आणि कृती यांची गाठ आधीच मारून ठेवायची. 'टाच चुरचुरली, तर तिथंच बसून मोजे बदलायचे.' पुढच्या टप्प्यावर बघू म्हटलं की तोवर फोड आलेला असतो. 'किती उरलं हा विचार आला, तर फक्त पुढच्या पाण्याच्या थांब्यापर्यंतचं बघायचं.'

शेवटची ओळ त्यांनी स्वतः लिहिली: 'थांबले, तर पहिला फोन मुलाला.'

झोप लगेच काही सुधारली नाही. आदल्या रात्री तर जेमतेम चार तास. ते मी आधीच सांगून ठेवलं होतं, त्यामुळे त्या बिथरल्या नाहीत.

त्या दिवशी दुपारी साडेचारला माझा फोन वाजला. ४३ किलोमीटरला डावं पाऊल वाकडं पडायला लागलं होतं.

"मॅडम, थांबले. मुलाला आधी कळवलं, तो घ्यायला येतोय." मग जरा दमानं, "पुढच्या वेळी मोजे तिसाव्यालाच बदलीन."