ओपन-वर्ल्ड जपानी आरपीजी एकच घ्यायचा झाला तर कोणता?

तुम्ही लिहिलंय की पीएस5 (सोनीचा गेम कन्सोल) नवीन आहे, खिसा एकाच ओपन-वर्ल्ड आरपीजीपुरता, म्हणजे मोकळ्या नकाशात भटकत आपलं पात्र घडवायच्या एकाच गेमपुरता आहे आणि फायनल फॅन्टसी 15, फायनल फॅन्टसी 7 रिबर्थ आणि ड्रॅगन्स डॉग्मा 2 यांच्यात मन अडकलंय. माझं मत ड्रॅगन्स डॉग्मा 2 ला. पण तो सगळ्यांना मानवणारा नाही, म्हणून जरा सविस्तर.

नकाशा किती मोठा हे बघणं मी केव्हाच सोडलं. आमच्या इंदूरचा सराफा घ्या. दिवसा या टोकाहून त्या टोकाला पाच मिनिटांत जाल. रात्री सोन्याचांदीची दुकानं बंद होऊन खाण्याची लागली, की त्याच गल्लीत दीड तास जातो. भुट्ट्याच्या कीसाला चुकवलं तर पुढे गराडू (तळलेला कंद) उभाच. वाटेत काय आडवं येतं आणि त्यासाठी थांबावंसं वाटतं का, एवढंच मी गेममध्येही बघतो.

फायनल फॅन्टसी 15 (2016) मध्ये चार मित्र आणि एक गाडी. एक्सपी (अनुभवाचे गुण) खात्यात जमा होतो तो मुक्कामाला झोपल्यावरच, त्यामुळे कुठेतरी मुक्काम करणं भागच असतं. तंबू ठोकला की त्या मित्रांपैकी इग्निस स्वयंपाक करतो आणि प्रॉम्प्टो दिवसभराचे फोटो दाखवतो. एकदा माझ्या मागे बसलेली आई म्हणाली, "ही पोरं घरी कधी जातात रे?" अंधार पडल्यावर सुरुवातीला इग्निस गाडी चालवायलाच नको म्हणतो, तेही मला आवडतं. पण नवव्या प्रकरणानंतर गोष्ट सरळ रुळांवर धावते आणि भटकंती संपल्यासारखी वाटते. सेलमध्ये मिळाला तर मात्र जरूर घ्या.

रिबर्थ (2024) देखणा आहे. प्रत्येक प्रदेशातला चोकोबो (स्वारीचा मोठा पक्षी) वेगळा, जूनॉनकडचा कडे चढतो तर कॉस्मो कॅन्यनचा हवेत तरंगतो. पण टॉवर सुरू करा, हे शोधा, ते स्कॅन करा. ही कामं सोपवणारा चॅडली मार्चअखेरच्या साहेबासारखा मागे लागतो. तिथलं खरं व्यसन म्हणजे क्वीन्स ब्लड हा पत्त्यांचा डाव, मी मुख्य गोष्ट सोडून तोच खेळत बसलो. शिवाय हा तीन भागांतला दुसरा, आधी 2020 चा रीमेक, म्हणजे पहिला भाग, खेळलेला बरा.

डॉग्मा 2 (मार्च 2024) मध्ये अंतराची किंमत मोजावी लागते. क्षणात दुसरीकडे नेणारा फेरीस्टोन वापरला की संपतो. मार खात गेलात की भरून येणाऱ्या आरोग्याची कमाल मर्यादाच घटत जाते, ती परत मिळते झोपल्यावर. बैलगाडीत बसून डुलकी काढावी, तर एकदा ग्रिफिन नावाच्या उडत्या राक्षसाने गाडीच मोडून टाकली. मग मी आणि माझे तीन प्यादे (पॉन), म्हणजे गेमच चालवतो ते सोबती, कंदील लावून काळोखात पायी. त्यांतले दोन दुसऱ्या खेळाडूंनी घडवलेले, भाड्याने घेतलेले. "मागच्या मालकाबरोबर मी इथे आलो होतो" म्हणत त्यातला एक पुढे निघाला आणि खरंच एका गुहेपाशी नेऊन सोडलं. असली रात्र मला दुसऱ्या कुठल्या गेमने दिलेली नाही.

खोट दोन: मोठ्या शहरात गेम अडखळतो, आणि प्रगती साठवायचा सेव्ह स्लॉट एकच. चुकलात तर निस्तरत बसा. नोकरी करून रोज अर्धाच तास मिळत असेल तर रिबर्थ घ्या, भिया (आमच्याकडे भावाला म्हणतात). त्याच्या याद्या तेवढ्या वेळात बसतात.